तोंडाकडे बघ

आमच्या घरातल्या एका खोलीवरून मी आणि माझी वहिनी जेवढं भांडलो, तेवढं दुसऱ्या कशावरूनही भांडलो नसू. माझं शिलाई मशीन तिथे आधीपासून होतं. मी लोकांचे कपडे त्यांच्या मापाचे करून देते. पँटी आखूड करते, चेन बदलते, सुटलेल्यांसाठी शिवण उसवते, वाळलेल्यांसाठी आत घेते. मग वहिनी जिथे शिकवायची ती बालवाडी बंद पडली आणि बाईसाहेब लॅपटॉप घेऊन माझ्याच खोलीत येऊन बसल्या. मधोमध दोरी बांधून तिने एक पिवळी चादर टाकली. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. तिचा तास चालू असला की माझं मशीन बंद. तेवढ्या वेळात मी काजं-बटणं करायची, हातशिलाई करायची आणि शिंक आली तर गिळायची.

मी नणंद. लग्न केलं नाही, त्यामुळे हे घरही सुटलं नाही आणि नणंदपणही सुटलं नाही. चिडली की वहिनी मला ‘वन्सं’ म्हणते, एरवी नुसतं ‘अगं’. चादर टांगली त्या महिन्यात मी सकाळ-संध्याकाळ वन्संच होते.

वहिनी मुलांना इंग्रजी वाचायला शिकवते. ऑनलाइन, एका वेळी एकच मूल. याला फोनिक्स म्हणतात. अक्षराचं नाव शिकवायचं नाही, त्याचा आवाज शिकवायचा. ‘एम’ म्हणायचं नाही, ‘म्म्म’ म्हणायचं. मग आवाजाला आवाज जोडत जायचं आणि शब्द करायचा. मला आधी हे सगळं थोतांड वाटलं. आम्ही काय असे आवाज काढत शिकलो होतो? पण चादरीआड बसून रोज ऐकायला लागल्यावर कळलं, हे काम नाकी नऊ आणणारं आहे. एक पोरगं मध्येच खुर्चीखाली जातं, एकीला आत्ताच्या आत्ता आपलं मांजर दाखवायचं असतं, एक नुसतं जांभया देतं. वहिनी त्यांच्यावर कधी ओरडत नाही. सगळं ओरडणं ती माझ्यासाठी राखून ठेवते.

तिच्या तासाचा पहिला नियम एकच होता: माझ्या तोंडाकडे बघ. कोणतंही नवं मूल आलं की पहिल्या दिवशी पहिलं वाक्य हेच. आवाज तोंडात कसा तयार होतो ते डोळ्यांना दिसलं पाहिजे म्हणे. ओठ कधी मिटतात, दात ओठावर कधी टेकतात, जीभ दातांतून बाहेर कधी डोकावते. त्यासाठी तिने टेबलावरचा दिवा बरोबर तोंडावर उजेड पडेल असा वाकवून ठेवला होता. ओठ उठून दिसावेत म्हणून रोज लिपस्टिक लावायला लागली. ही बाई स्वतःच्या लग्नातसुद्धा लिपस्टिक लावायला तयार नव्हती. माझा भाऊ, दादा, म्हणायचा, “आमच्यासाठी कधी एवढं केलं नाही हो!” त्यावर ती म्हणायची, “तुम्हाला कुठे वाचायला शिकवायचंय मला? तुम्ही तर ऐकतसुद्धा नाही.”

थंड पाणी प्यायची नाही. सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. गॅसवर दूध ठेवलंय हे ती विसरेल, पण कोणत्या मुलाचं घोडं कोणत्या आवाजावर अडलंय हे कधी विसरली नाही. जेवतानाही तेच. “आज त्या जांभईवाल्यानं सलग तीन शब्द वाचले!” असं म्हणून ती घास हातात धरून बसायची, आणि तोंड भरून कौतुक केल्याशिवाय आमचीही सुटका नसायची.

त्या मुलांमध्ये एक खारूताई होती. हे नाव मी ठेवलेलं, चादरीच्या कडेने डोकावून. पुढचे दोन दात पडलेले, गाल फुगीर, आणि सारखं काहीतरी कुरतडत असायची. पेन्सिल, बाही, वेणीचं टोक. दुसरीत होती आणि तिला वाचता येत नव्हतं. तिची धाकटी बहीण पहिलीत, आणि ती मात्र दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, दिसेल ते वाचत सुटलेली. शाळेत वर्ष संपताना वाचनाच्या बाई एकेका मुलाला ग्रंथालयात एकटं बोलावून इंग्रजीचं एक पान वाचून घ्यायच्या. ज्याला जमणार नाही त्याला त्याच वर्गात ठेवायचं, असा तिथला नियम. म्हणजे खारूताईला जमलं नाही तर पुढच्या वर्षी दोघी बहिणी एकाच वर्गात.

पहिल्याच तासाला तिने वहिनीला विचारलं, “टीचर, ती माझ्या बाकावर बसेल?”

“कोण गं?”

“माझी बहीण. ती म्हणते, मी तुला वाचून दाखवत जाईन. मला नकोय तिनं दाखवलेलं.”

चादरीआड माझ्या हातात कुणाच्या तरी कोटाची बाही होती. वहिनीची खुर्ची पुढे सरकली. मग ती म्हणाली, “तू स्वतः वाचशील. बघ, माझ्या तोंडाकडे बघ.”

त्या दिवशी ती जेवली नाही धड. “ही मुलगी मी वाचती करणार,” एवढंच म्हणाली. दादाने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. वहिनीने एकदा मनावर घेतलं की तिच्या आड यायची हिंमत आमच्यात कुणाचीच नाही.

आणि खारूताई वाचायला लागली. सुरुवातीला एकेक आवाज, मग छोटे शब्द, मग अख्खी वाक्यं. पडलेल्या दातांतून हवा जायची, पण शब्द अचूक. मला चादरीआड ऐकू यायचं. वहिनी लॅपटॉपच्या पडद्यावर शब्द आणायची, क्षणभर शांतता, की लगेच खारूताईचा आवाज. वहिनीच्या “शाब्बास!” ने खिडकीची काच हलायची. खारूताईची आई एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिने एका तासाचं चित्रण करून मामा, मावशी, आत्या, सगळ्या गोतावळ्याला पाठवलं. त्यातून वहिनीकडे आणखी दोन मुलं आली. वहिनीचे पाय जमिनीवर नव्हते, आणि मी चिडवलं तरी ती चिडत नव्हती, यावरून काय ते समजा.

एकदाच त्या आईने एक गोष्ट काढली होती. “ताई, तुमच्यासमोर धडाधड वाचते. मी पुस्तक धरलं की म्हणते पोट दुखतंय.”

“आईपुढे मुलं बिचकतात हो,” वहिनी म्हणाली. “दबाव आणू नका. मी सांगेपर्यंत घरी वाचायला बसवूच नका तिला.”

मग वहिनीची दाढ दुखायला लागली. परीक्षा तोंडावर आलेली, आणि हिचा उजवा गाल टम्म फुगला. दातांच्या डॉक्टरने औषधं दिली आणि तोंड फार उघडू नका म्हणून सांगितलं. “डॉक्टरांची फी दुप्पट द्यायला हवी,” दादा म्हणाला. वहिनीला हसताही येईना. सुट्टी घे म्हटलं तर ऐकेना. सुजलेलं तोंड पोरांना कसं दाखवायचं म्हणून तिने नाकाखाली एक ओढणी गुंडाळली आणि तशीच तासाला बसली. बोलणं बोबडं, पण कळण्यासारखं. जांभईवाल्याने दोनदा “चोर, चोर” म्हणून हसून घेतलं आणि मग नेहमीसारखं वाचलं. मांजरवालीनेही वाचलं. मग खारूताईचा तास आला.

“टीचर, ते कापड काढा ना.”

“अगं, माझा गाल सुजलाय. घाबरशील बघून. तू वाच. अक्षरं दिसतायत ना नीट?”

“दिसतायत.”

“मग वाच की.”

“तुमचं तोंड दिसत नाहीये.”

वहिनी हसल्यासारखं करून म्हणाली, “माझं तोंड कशाला हवंय? शब्द तर तुझ्यासमोर आहे.”

लॅपटॉपमधून नुसता पेन्सिल कुरतडल्याचा आवाज आला. मी सुईत दोरा ओवत होते, तो तसाच धरून ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने खारूताई अगदी बारीक आवाजात म्हणाली, “टीचर, पोट दुखतंय.”

वहिनीची खुर्ची करकरली. ओढणी सोडल्याचा आवाज आला. “हं. आता बघ,” ती म्हणाली. खारूताईने तो शब्द लगेच वाचला, पुढचाही वाचला. मग पुन्हा शांतता. आणि खारूताई खुशीत ओरडली, “सन! बरोबर ना?”

“हो बाळा,” वहिनी म्हणाली. “आज इथेच थांबू.”

वेळेआधी तास संपवलेला मी कधी पाहिला नव्हता. चादर बाजूला करून मी तिच्याकडे गेले. पडद्यावर तीन मोठी अक्षरं अजून तशीच होती.

“हे काय लिहिलंय सांग,” ती मला म्हणाली.

“मॅप.” तेवढं मला येतं. “पण ती तर सन म्हणाली. चुकली की.”

“चुकली नाही. मी मुद्दाम तोंडानं ‘सन’ केलं. आवाज न काढता. तिनं ते वाचलं.”

मला समजायला थोडा वेळ लागला. माझा भाचा, म्हणजे वहिनीचा मुलगा, आता शिकायला बाहेरगावी असतो. तो लहान असताना वहिनी त्याला भरवायला बसली की त्याच्याआधी हिचं तोंड उघडायचं. आम्ही हसायचो, तिला पत्ताच नसायचा. तेच आता चाललं होतं. मूल शब्दापाशी अडखळलं की हिचे ओठ आपोआप तो शब्द करत होते. बाकीच्या मुलांना त्याची गरज पडली नाही, कारण ती अक्षरांकडे बघत होती. खारूताईला पहिल्या दिवशी सांगितलं होतं तोंडाकडे बघ, आणि ती बिचारी गुणी पोर इतके महिने तोंडाकडेच बघत बसली होती.

“मीच सांगितलं तिला,” वहिनी म्हणाली. “तिचं काय चुकलं, वन्सं?” या वेळी त्या ‘वन्सं’मध्ये राग नव्हता. तिच्या सुजलेल्या गालावरून पाणी वाहत होतं. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी चहा टाकायला गेले.

जेवणाच्या वेळी ती दुधात बुडवलेला पाव चिवडत बसली. दादा म्हणाला, “तिच्या आईला आत्ताच काही सांगू नकोस. उगाच बभ्रा होईल. परीक्षेपर्यंत काय शिकवायचं ते नीट शिकव, म्हणजे झालं.” तो वाईट माणूस नाही. बालवाडी बंद पडल्यावर वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, ते दिवस त्याने पाहिले होते. त्याला ते परत नको होते.

माझं डोकं फिरलं. “आणि परीक्षेच्या दिवशी पोर तिथे एकटी बसेल, समोर परकं तोंड, तेव्हा आईला कळू दे?” मी म्हणाले.

वहिनी पावाची वाटी घेऊन उठली. दाढ दुखते या सबबीवर तिने खारूताईचे तास पुढे ढकलले, आणि मी तिच्याशी बोलणं टाकलं. अबोला धरायची माझी ताकद दांडगी आहे. शेवटी एका दुपारी तिने फोन लावला. मी चादरीआड होते. तिला माहीत होतं मी तिथे आहे आणि फोनमधलं बोलणं मला ऐकू येतंय, तरी तिने जा म्हटलं नाही.

वहिनीने जे झालं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. खारूताईच्या आईने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे तिला वाचता येत नाही.”

“पहिला आवाज ओळखते. थोडे शब्द येतात. पण हो. येत नाही.”

“ताई, तुम्ही मला म्हणालात, घरी वाचायला बसवू नका. मी नाही बसवलं. मी तुमचं ऐकलं.”

“हो.”

“आता शाळेत तुमचं तोंड कुठून आणू मी?”

 “तिला रागावू नका,” एवढंच वहिनी म्हणाली. “तिनं फसवलं नाही कुणाला.”

“माझ्या मुलीला काय म्हणायचं ते तुम्ही मला शिकवू नका,” असं म्हणून आईने फोन ठेवला. मला त्या बाईचा संताप आला, आणि तिचं म्हणणं खरं होतं म्हणून आणखीच आला.

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. आता ऐनवेळी दुसरं कोणी मिळणार नाही, परीक्षेपर्यंत तुम्हीच शिकवा, पण मी शेजारी बसेन. तशी ती बसली. वहिनीने खारूताईला सांगितलं, की माझ्याकडून एक चूक झाली, माझं तोंड हलत होतं आणि तू ते वाचत होतीस. आता आपण अक्षरं वाचायला शिकू.

खारूताई गोंधळली. “मग मला वाचता येत नाही?”

“येईल.”

“मला वाटलं वाचणं असंच असतं,” ती म्हणाली. “सगळे कुणाच्या तरी तोंडाकडे बघूनच वाचतात ना?”

 इतके महिने ती पोर स्वतःला वाचणारी समजत होती. बहिणीसमोर मान ताठ करून चालत होती. आम्ही ते एका वाक्यात काढून घेतलं होतं.

पहिले काही तास फार वाईट गेले. वहिनीने कॅमेरा बंद करून नुसती अक्षरं दाखवली, तर खारूताई टेबलाखाली जाऊन रडत बसली. कॅमेरा चालू केला तर वहिनीचं तोंड स्थिर राहीना. दोन शब्द होईपर्यंत घट्ट मिटून धरायची, तिसऱ्याला पोर अडली की ओठ हललेच. आई शेजारून म्हणायची, “ताई, तोंड.” वहिनी ओशाळून माफी मागायची. तास संपला की टेबलावर डोकं टेकून बसायची. “मला जमत नाही गं. माझंच तोंड मला आवरत नाही,” ती म्हणाली.

मी शिवताना टाचण्या ओठांत धरते. तेव्हा घराला आग लागली तरी मला बोलता येत नाही. पण हिच्या तोंडात टाचण्या द्यायची माझी छाती होईना. मी बटणांच्या डब्यातून ओव्हरकोटाचं एक मोठं बटण काढलं, धुतलं आणि तिला दिलं. “हे ओठांत धर. पडलं की समजायचं तोंड हललं.”

त्यानंतर तास पार बदलला. खारूताई अक्षरांवर बोट ठेवून एकेक आवाज काढायची, आणि मध्येच टक् करून बटण टेबलावर पडायचं. “पडलं! टीचर, तोंड हललं!” पोरगी टाळ्या पिटायची. तिला वहिनीची चूक पकडायला आवडायला लागलं. पडलेलं बटण पुसून पुन्हा ओठांत, आणि पोर पुन्हा शब्दावर. एका तासात कधी चार शब्द व्हायचे, कधी दोन. पण ते दोन तिचे स्वतःचे असायचे. एकदा तिने स्वतः जुळवून ‘फ्रॉग’ वाचला आणि घाबरून आईकडे बघितलं. आई म्हणाली, “मी काही केलं नाही बाई!” त्या दिवशी वहिनी पोटभर जेवली. पण परीक्षा जवळ येत होती, पान मोठं असणार होतं आणि वेळ कमी. हे तिला ठाऊक होतं, मलाही.

परीक्षेच्या दिवशी तिने जांभईवाल्याला मांजरवालीच्या नावाने हाक मारली. चहात मीठ घातलं. आम्ही तो मुकाट्याने प्यायलो. ऊन उतरल्यावर आईचा फोन आला, तेव्हा वहिनीने तो उचलून सरळ स्पीकरवर टाकला. एकटीने ऐकायचा तिला धीर नव्हता.

“तिला ठेवलं त्याच वर्गात,” आई म्हणाली.

वहिनी खाली बसली.

“पूर्ण ऐका,” आई म्हणाली. तिचा आवाज रडून बसला होता की रागाने, मला सांगता येणार नाही. “वाचनाच्या बाई चांगल्या होत्या. समोर बसल्या, हसल्या. ही अडली की त्यांचेही ओठ हलायला लागले. तुमच्यासारखेच. शब्द आयता समोर. आणि ही काय म्हणाली माहितीय? बाईंनीच सांगितलं मला. ‘बाई, तुमचं तोंड हलतंय. तुम्ही पाठ फिरवून बसा.’”

वहिनीने टेबलावरचं बटण मुठीत घेतलं.

“बाईंना आधी कळेचना. मग बसल्या पाठ फिरवून. हिने बोट ठेवून एकेक शब्द वाचला. पान निम्मं झालं आणि वेळ संपली. बाई मला म्हणाल्या, वाचलं ते सगळं बरोबर वाचलं, पण पान पुरं नाही झालं, माझा नाइलाज आहे.” ती थांबली. “नुसतं त्यांच्याकडे बघितलं असतं तर ती आज तिसरीत गेली असती, ताई.”

“हो,” वहिनी म्हणाली.

“बघितलं नाही तिनं.”

 मग आईनेच विचारलं, “उद्या तास घ्याल? ती मागतेय.”

दुसऱ्या दिवशी वहिनीने दिवा नीट केला, लिपस्टिक लावली, बटण जवळ ठेवलं. मी चादरीआड जाऊन बसले. हातात काम घेतलं होतं, पण एकही टाका घातला नव्हता. खारूताई आली. शेजारी आज आई नव्हती.

“टीचर, ती माझ्या बाकावर बसणार आहे.”

“हो गं बाळा.”

“मी सांगितलंय तिला. मला दाखवायचं नाही म्हणून.” मग कागदाची सळसळ झाली. “मी ते पान आणलंय. बाईंनी दिलं. राहिलेलं वाचायचंय मला.”

“वाच. थांब, मी बटण घेते.”

“बटण नको. तुम्ही पण पाठ फिरवा.”

वहिनीची खुर्ची फिरली. तिने कॅमेऱ्याकडे पाठ केली, म्हणजे माझ्याकडे तोंड. मध्ये पिवळी चादर. मी चादरीची कड दोन बोटांनी थोडी बाजूला केली.

मागून खारूताईचा आवाज यायला लागला. एक आवाज, मग थांबणं, मग दुसरा. पडलेल्या दातांच्या जागी आता नवे अर्धे आले होते, त्यामुळे हवा कमी जात होती. वहिनीला वाटत होतं तिला कुणी बघत नाही. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ओठ हलत होते. प्रत्येक आवाजाला गोल होत होते, मिटत होते, दातांवर टेकत होते, अजिबात आवाज न करता. खारूताईला इतके महिने काय दिसत होतं ते मी पहिल्यांदा पाहिलं. पोर शब्दावर अडली की वहिनीचं तोंड तसंच उघडं राहायचं, आणि मागून तो शब्द येईपर्यंत मिटायचं नाही.